तीन संध्याकाळची खिडकी

मी चित्रकलेचा मास्तर आहे. मॅट्रिक झालो, चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीस-एकवीस वर्षे एका तालुक्याच्या गावी मुलांच्या वाकड्या फुलदाण्या सरळ करून देत आहे. सुट्यांत दोन-तीन कादंबऱ्याही लिहिल्या. गावच्या वाचनालयात त्या आहेत. फारसे कोणी नेत नसल्यामुळे अजून नव्याकोऱ्या दिसतात. इतिहास सांगायला बसलेल्या माणसाने आपला अधिकार आधी सांगावा, म्हणून हे सांगितले. अधिकार असा काहीच नाही. एका मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, त्यातून हे सारे सुरू झाले.

त्याचे असे झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेले एक चित्रप्रदर्शन दाखवायला मी सातवीची मुले घेऊन गेलो होतो. दारातच पाटी होती : ‘चित्रांना हात लावू नये.’ मुलांनी हात पाठीमागे बांधले आणि शहाण्यासारखी फिरू लागली. बाहेर पडताना त्यांतली एक मुलगी मला म्हणाली, “सर, आपण चित्राला हात लावायचा नाही, बोलायचं नाही. मग आपण येऊन गेलो हे चित्राला कळणार कसं?” बाकीची मुले हसली. मी हाताचा घाम, तेलकटपणा, रंगांची नासाडी वगैरे समजावून सांगितले. उत्तर बरोबर होते. फक्त ते तिच्या प्रश्नाचे नव्हते.

घरी आल्यावर प्रश्न पाठ सोडीना. पाहणारा येऊन गेला हे ज्या कलाकृतीला कळते, किंबहुना तो आल्यावाचून जी पुरीच होत नाही, अशी कला जगात आहे हे मला ऐकून ठाऊक होते. खोलीत, चौकात किंवा रस्त्यावर काही वस्तू, उजेड, आवाज मांडून जी कलाकृती उभी करतात, तिला आपल्याकडे मांडणशिल्प म्हणतात. त्यातल्या काही मांडण्या अशा असतात की त्यांत शिरलेल्या माणसांचे वागणे हाच त्यांचा मुख्य ऐवज. आता हे वाचून कोणी म्हणेल, की मास्तर, दिवाळीच्या दिवसांत हे कसले खूळ काढलेत? तर वाचकहो, मलाही प्रथम खूळच वाटले होते. पण शोधता शोधता मी १९८० सालच्या तीन संध्याकाळींपाशी येऊन ठेपलो, आणि तिथून काही केल्या पुढे हलवेना.

१९८० चा नोव्हेंबर महिना. आपल्याकडे दिवाळी नुकतीच आटोपली होती. माझाही जन्म त्याच वर्षीचा. न्यूयॉर्क शहरात लिंकन सेंटर म्हणून नाट्यसंगीताचे मोठे स्थान आहे. त्याच्या रस्त्याकडच्या काचेच्या खिडकीत मंगळवार ता. ११ च्या संध्याकाळी अकस्मात माणसे उभी असलेली दिसू लागली. ती माणसे खरी नव्हती आणि खोटीही नव्हती. पडद्यावरची, काळीपांढरी, पण डोक्यापासून पायापर्यंत पुऱ्या मापाची. जाणाऱ्याने थांबून पाहावे तो तीही थांबून पाहत. याने हात हलवला की तीही हात हलवीत. मग कोणीतरी धीर करून विचारी, तुम्ही कुठे आहात? उत्तर येई, लॉस एंजेलिसला. आणि लॉस एंजेलिस तिथून सुमारे चार हजार किलोमीटर दूर, देशाच्या दुसऱ्या टोकाला! इकडे रात्र पडत आलेली, आणि तिकडे घड्याळ तीन तास मागे.

तिकडेही तोच प्रकार. सेंच्युरी सिटी नावाच्या भागात ‘द ब्रॉडवे’ म्हणून एक मोठे दुकान होते. त्याच्या दर्शनी खिडकीत न्यूयॉर्कची माणसे दिसत होती आणि त्यांचा आवाज ऐकू येत होता. दोन्हीकडे कॅमेरे, ध्वनिक्षेपक आणि पडदे लावले होते, आणि मधली वाट उपग्रहातून होती. किट गॅलोवे आणि शेरी राबिनोविट्झ या कलावंत जोडीने हे घडवून आणले होते. कृतीचे नाव त्यांनी ठेवले ‘होल इन स्पेस’, म्हणजे अवकाशाला पाडलेले भोक.

या जोडीचे खरे शहाणपण त्यांनी काय केले यापेक्षा काय केले नाही यात आहे. त्यांनी जाहिरात केली नाही. पाटी लावली नाही. कृतीचे नाव, कलावंतांची नावे, पैसे देणाऱ्यांची नावे, यांतले काहीच तिथे नव्हते. ‘हे असे असे आहे, येथे उभे राहून बोलावे’ अशी सूचनाही नव्हती. आणखी एक बारकी गोष्ट : आपण पलीकडच्यांना कसे दिसतो हे दाखवणारा पडदा त्यांनी मुद्दाम ठेवला नव्हता. ही गोष्ट वाचली तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. माणसाला आरसा दिला की तो भांग पाडत बसतो. समोरच्याकडे पाहत नाही. आजच्या फोनवर बोलताना कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसत असतो आणि आपण निम्मे बोलणे त्याच्याशी करतो, हा अनुभव आपणा सर्वांना आहे.

या प्रसंगाचे चित्रण झालेले आहे आणि ते मी अनेकदा पाहिले. पहिल्या संध्याकाळी लोक बिचकलेले आहेत. मग हळूहळू धिटाई येते. थट्टामस्करी होते. कोणी पलीकडच्या मुलीशी लाडीगोडीने बोलू लागतो. पुढे तर इकडची गर्दी खाणाखुणांनी कोडे घालते आणि तिकडची गर्दी ओरडून ते सोडवते. आता गंमत पाहा. न्यूयॉर्कच्या त्या फुटपाथवर खांद्याला खांदा लावून उभी असलेली ही माणसे एरवी एकमेकांशी एक अक्षर बोलली नसती. पण चार हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाला कोडे घालायचे म्हटल्यावर शेजाऱ्याशी कुजबुजणे आलेच. खिडकी उघडली दूरच्यासाठी, आणि ओळख झाली शेजारच्याशी!

इथे थोडे मागे जायला हवे. नाहीतर वाचकांना वाटेल, की दूरचे माणूस दिसण्याचा चमत्कार लोकांनी प्रथमच पाहिला, म्हणून ही झुंबड. तसे नव्हते. चेहरा दाखवणारा टेलिफोन अमेरिकेत त्याआधी सोळा वर्षे, १९६४ सालीच, येऊन गेला होता. ‘पिक्चरफोन’ त्याचे नाव. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी तो कौतुकाने पाहिला. त्याच वर्षी न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन या तीन शहरांत त्याच्या सार्वजनिक खोल्याही उघडल्या. वेळ ठरवून जायचे, खुर्चीवर बसायचे, आणि दुसऱ्या शहरातल्या तशाच खोलीत आलेल्या माणसाशी बोलायचे. तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर! लोक फिरकलेच नाहीत आणि त्या खोल्या पुढे बंद पडल्या. दर जबर होता हे खरे. पण मला वाटते, दुसरेही एक कारण असावे. वेळ ठरवून, पैसे मोजून, बंद खोलीत खुर्चीवर बसून माणसाने एकदम मनातले बोलावे कसे? मनातले बोलायला आधी बिनकामाचे चार शब्द बोलावे लागतात, आणि बिनकामाच्या शब्दांसाठी मिनिटाला पाच-नऊ डॉलर कोण देईल?

फुटपाथवरच्या खिडकीत ती अडचण नव्हती. कोणीही यावे, काहीही बोलावे, नको झाले तर निघून जावे.

आता तिसरी संध्याकाळ, शुक्रवार ता. १४. मधल्या गुरुवारी खिडकी दुसऱ्यांदा उघडली, तोवर बातमी तोंडोतोंडी पसरली होती. मग दूरचित्रवाणीवरही आली. आणि शुक्रवारी खिडकीसमोर जी गर्दी लोटली ती बघ्यांची नव्हती. कुटुंबेच्या कुटुंबे होती. कामधंद्यापायी देशाच्या दोन टोकांना गेलेले भाऊ, बहिणी, आया, मुले. त्यांत काहींनी एकमेकांना वीस वर्षांहून अधिक काळ पाहिले नव्हते. गर्दीत एखादे नाव पुकारले जाई, माणसे बाजूला सरून वाट देत, आणि कोणी म्हातारी खिडकीपुढे येऊन उभी राही. तिथे उभ्या असलेल्या परक्या माणसांचेही डोळे भरून येत. दोन तऱ्हेवाईक कलावंतांनी केलेला खेळ तिसऱ्या दिवशी लोकांनी त्यांच्या हातून काढून घेतला आणि आपल्या घरच्या कामाला लावला. त्यानंतर खिडकी बंद झाली. कायमची. तीन संध्याकाळींचाच तो संसार.

हे सारे मी इतक्या जिव्हाळ्याने का सांगतो आहे, याचे कारण आता सांगितले पाहिजे. मला एक थोरला भाऊ आहे. दादा मुंबईला असतो, विरारच्या बाजूला. वडील लवकर थकले, तेव्हा दादाने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि माझ्या पदविकेची फी दर सहा महिन्यांनी मनिऑर्डरने पाठवली. दहा वर्षांपूर्वी वडील गेले. तेराव्यानंतर घराच्या वाटणीचे बोलणे निघाले आणि त्यात मी त्याला म्हणालो, “तू मुंबईला राहिलास. तुला बापाचं दुखणं काय ठाऊक?” चार माणसांत म्हणालो. दादा काही बोलला नाही. पिशवी उचलली आणि रात्रीच्या गाडीने गेला. तेव्हापासून आम्हा भावांत बोलणे नाही.

आई माझ्याकडे असते. दर रविवारी सकाळी दादाचा फोन येतो, तो आमच्या सौ.च्या फोनवर. चेहरा दिसणारा फोन. आई पदर नीट करून समोर बसते, सौ. बोलते, मुले काकाला परीक्षेचे गुण सांगतात. आणि मी त्या वेळी अंगणात जाऊन तगरीला पाणी घालतो. त्या झाडाला दर रविवारी जितके पाणी मिळाले तितके त्याला खरोखर लागत नाही. १९८० साली ज्यासाठी लोक फुटपाथवर रांगा लावून उभे राहिले, ती खिडकी माझ्या घरात दर आठवड्याला फुकट उघडत होती. तिच्या चौकटीतून बाहेर पडणारा एकटा मीच होतो.

त्याच १९८० साली त्याच न्यूयॉर्कात आणखी एक प्रकार चालू झाला. ॲलन ब्रिज नावाच्या कलावंताने शहरात भिंतींवर पत्रके चिकटवली. त्यांचा आशय असा, की तुम्ही कोणाचा अपराध केला असेल तर या क्रमांकावर फोन करा आणि क्षमा मागा. नाव सांगू नका. पलीकडे माणूस नव्हता. आवाज टिपून ठेवणारे यंत्र होते. ब्रिजने स्वतः पूर्वी दुकानांतून लहानसहान चोऱ्या केल्या होत्या आणि ते त्याच्या मनाला खात होते. लोक फोन करू लागले. कोणी चोरी कबूल केली, कोणी बायकोचा छळ, कोणी आईबापांना टाकल्याचे दुःख सांगितले. पुढे पुढे फोन करणाऱ्याला इतरांची कबुली ऐकण्याची सोय झाली, आणि अनोळखी माणसे एकमेकांच्या अपराधांना उत्तरे देऊ लागली. ही ‘क्षमेची तार’ पंधरा वर्षे चालली. १९९५ साली समुद्रात बुडी मारून पोहत असताना अपघात होऊन ब्रिज गेला, तेव्हाच ती थांबली.

या गोष्टीने मला प्रथम फार आधार वाटला, आणि मग तितकीच भीती वाटली. आधार यासाठी, की अपराध उरात घेऊन एवढ्या मोठ्या शहरात हिंडणारी इतकी माणसे होती. भीती यासाठी, की ती सारी यंत्राशी बोलत होती. ज्याचा अपराध केला, त्याच्यापर्यंत ती क्षमा पोचलीच असे नाही. मन हलके झाले की पुष्कळदा पाय जड होतात. मग माणूस खऱ्या दारापर्यंत जातच नाही.

शहरातले एकटेपण ही काय चीज आहे, याचे कोडे या कलावंतांनी निरनिराळ्या बाजूंनी सोडवून पाहिले. त्यांतली दोन-तीन उदाहरणे सांगतो.

इंग्लंडमधला ल्यूक जेरॅम हा कलावंत कपडे धुवायच्या दुकानात जात असे. तिकडे गल्लोगल्ली अशी दुकाने असतात. यंत्रात कपडे टाकायचे आणि होईपर्यंत बाकावर बसायचे. दर शनिवार-रविवारी तीच माणसे तिथे येत आणि कोणी कोणाशी बोलत नसे. त्याच्या मनात आले, की शहरात अशी शेकडो अदृश्य मंडळे असतील : नेमाने एकत्र येणारी आणि नेमाने गप्प बसणारी. २००८ साली त्याने बर्मिंगहॅम शहरात ठिकठिकाणी, उघड्यावर, १५ पियानो ठेवून दिले. त्यांवर एवढेच लिहिलेले : ‘मला वाजवा, मी तुमचा आहे.’ ज्याला येत होते तो वाजवू लागला, ज्याला येत नव्हते तो ऐकत उभा राहिला, आणि ऐकणाऱ्याने शेजारच्याला विचारले, हे गाणे कोणते हो? पुढे हे पियानो जगातल्या साठांहून अधिक शहरांत जाऊन आले. २०१० साली न्यूयॉर्कात एकदम ६० ठेवले होते.

दुसरे उदाहरण हॉलंडमधल्या रॉटरडॅमचे. मेक्सिकोत जन्मलेला राफाएल लोझानो-हेमर हा कलावंत. त्याने २००१ साली तिथल्या मोठ्या चौकात एका इमारतीच्या भिंतीवर रस्त्यांत काढलेली माणसांची छायाचित्रे पाडली. पण त्यांवर इतका प्रखर उजेड सोडला, की ती दिसतच ना. चौकातून जाणाऱ्याची सावली भिंतीवर पडे, २ मीटरपासून २५ मीटरपर्यंत उंच, आणि त्या सावलीच्या आत दडलेला चेहरा तेवढा दिसे. स्वतःची सावली बरोबर मापाची करायला माणसाला पुढेमागे सरावे लागे. भिंतीवरचे सगळे चेहरे एकाच वेळी उघडे झाले, की चित्रे बदलत. म्हणजे एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे. अनोळखी माणसांनी जागा वाटून घेतल्या पाहिजेत. आणि वाटून घेता घेता लोक खेळू लागले. लहान पोराची सावली राक्षसाएवढी आणि धिप्पाड माणसाची बोटभर! लहानपणी दिवे गेले की आम्ही भावंडे कंदिलापुढे हात धरून भिंतीवर हरीण आणि कुत्रा काढायचो. कुत्रा नेहमी दादा काढी, हरीण माझे. हरीण पळून जायच्या आत कुत्रा कधी त्याला धरीत नसे.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले, आणि ते मला सर्वांत आवडते. दिल्लीत खिडकी नावाचा भाग आहे. चौदाव्या शतकातली एक जुनी मशीद तिथे आहे. तिच्या जाळीदार खिडक्यांवरून वस्तीला हे नाव पडले. दाटीवाटीची वस्ती, गावोगावहून पोटासाठी आलेली माणसे. २००६ साली मुंबईच्या शाईना आनंद या कलावंत बाईने तिथे एक खटाटोप केला. दुकानात चोर पकडायला लावतात तसले स्वस्त कॅमेरे, साधे दूरचित्रवाणी संच आणि केबलवाल्याची तार, एवढेच सामान. वस्तीतल्या चार ठिकाणी संच ठेवले, प्रत्येकावर एक कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक. चारही ठिकाणचे चित्र एकाच पडद्यावर चार चौकोनांत दिसे, आणि चौघांना एकमेकांशी बोलता येई. उपग्रह नाही, चार हजार किलोमीटर नाही. हाकेच्या अंतरावरची माणसे! पण हाकेच्या अंतरावर असून हाक न मारणे, हेच तर शहराचे दुखणे. रोज ज्याच्या दारावरून जातो, त्याला पडद्यावर पाहिल्यावर लोक विचारू लागले, तुमचे गाव कोणते? कामाचे किती मिळतात? पहारा ठेवायचे यंत्र विचारपूस करू लागले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मुळात ते माणसावर संशय घेण्यासाठी बनवलेले आहे.

एवढे सांगून थांबलो तर इतिहास गोड होईल, पण खरा होणार नाही. लिथुआनियाच्या बेनेडिक्टस गिलिस याने वर्तुळाकार द्वारे बनवली. पहिली जोडी २०२१ साली विल्नियस आणि पोलंडमधले लुब्लिन या दोन शहरांत उभी राहिली. ८ मे २०२४ रोजी तसेच द्वार आयर्लंडच्या डब्लिन शहरात आणि न्यूयॉर्कात उघडले. कल्पना तीच, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. यंत्र किती तरी सुधारलेले. पण आठवड्याच्या आत द्वार बंद ठेवावे लागले. कोणी अंगावरचे कपडे काढून दाखवले, कोणी घाणेरडी चित्रे धरली, आणि डब्लिनच्या बाजूने कोणी न्यूयॉर्कच्या लोकांना २००१ सालच्या त्या जळत्या मनोऱ्यांची चित्रे दाखवली. मग कोणी द्वाराला फारच लगटले किंवा फोन अगदी कॅमेऱ्याशी धरला, की चित्र धूसर व्हावे अशी व्यवस्था केली, आणि १९ मे ला ते पुन्हा सुरू झाले.

असे का व्हावे? लोक बिघडले, एवढे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र एक फरक महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या खिडकीला आवाज होता; या द्वाराला आवाज नाही. मुक्या खिडकीत माणूस फक्त दिसतो. नुसत्या दिसणाऱ्या माणसाची टवाळी करणे सोपे असते, ‘जेवलात का?’ म्हणून विचारणाऱ्याची करणे अवघड. अर्थात सगळेच टवाळ नव्हते. कितीतरी माणसांनी कागदावर मोठ्या अक्षरांत मजकूर लिहून पलीकडे दाखवला, नाचून दाखवले, तान्ही मुले उचलून दाखवली. आवाज नव्हता म्हणून त्यांनी तो हातांनी केला.

एकटेपणाची दखल आता सरकारेही घेऊ लागली आहेत. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या कामासाठी मंत्री नेमले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ सालच्या अहवालात म्हटले, की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपण ग्रासते आहे. औषधाच्या दुकानात यावर गोळी मिळत नाही. आणि कलावंतांच्या या खटाटोपांनी एकटेपण बरे होते, असेही मी म्हणणार नाही. पियानो उचलून नेतात, सावल्या विझतात, खिडकी तिसऱ्या दिवशी मिटते.

मग या खटाटोपांनी दाखवले तरी काय? मला वाटते, एवढेच दाखवले, की माणसाला माणूस नको झालेला नाही. त्याला फक्त निमित्त हवे असते. दोन अनोळखी माणसांनी, किंवा दोन रुसलेल्या माणसांनी, एकदम एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचे म्हणजे फार अवघड. मध्ये काहीतरी लागते. पियानो लागतो, कोडे लागते, भिंतीवरची सावली लागते. आपल्या चाळींत ते निमित्त एका नळावर भागत असे. दिवाळीत फराळाची ताटे रुमालाने झाकून या घरून त्या घरी जात, ती काय शेजाऱ्यांकडे चिवडा नव्हता म्हणून? त्यांच्याकडूनही तोच चिवडा परत येई.

पण त्या तिसऱ्या संध्याकाळीविषयी एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. वीस वर्षांनी भेटलेली ती माणसे एकाच वेळी दोन्ही खिडक्यांसमोर आली कशी? योगायोगाने नव्हे. आधी कोणीतरी घरून फोन केला होता. ‘शुक्रवारी संध्याकाळी अमुक दुकानापाशी ये, मी इकडे उभा राहतो,’ असे कोणीतरी कोणाला तरी सांगितले होते. खिडकी कलावंतांनी पाडली खरी. पण तो पहिला फोन ज्याचा त्यालाच करावा लागला. ते काम जगातला कोणताही कलावंत दुसऱ्यासाठी करू शकत नाही.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधीचा रविवार होता. सौ. अनारसे तळत होती. फोन वाजला, तेव्हा तिचे हात पिठाचे होते आणि आई न्हाणीघरात होती. मुले बाहेर. मी सवयीने अंगणाकडे निघालो होतो, तो परत फिरलो आणि फोन उचलला. समोर दादा. कानशिलांवर सगळे पांढरे झालेले. मला वाटले, हा फोन ठेवणार.

“दादा,” मी म्हणालो, “तुझा पत्ता तोच आहे ना? फराळाचा डबा पाठवायचा होता.”

तो बराच वेळ बोलला नाही. चित्र अडकले की काय, म्हणून मी फोन हलवून पाहिला.

मग तो म्हणाला, “अनारसे केलेत का?”

“तळतेच आहे.”

“मग पाठवू नकोस. फुटतात वाटेत.” आणि थोडे थांबून, “भाऊबिजेला ताईकडे यायचंच आहे. तिकडून येतो मी.”

त्या दिवशी सांगायचे होते ते मला फोनवर सांगता आले नाही. भाऊबिजेच्या रात्री ओसरीवर सांगितले. दादा म्हणाला, “मला वाटलं, तू विसरलास.” मग त्याने अनारशाचा तुकडा मोडला आणि निम्मा माझ्या हातावर ठेवला.